दीडशे ग्रॅम कमी!

वजनाच्या बाबतीत माझी चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई म्हणूनच सांगतोय, पण खरी आहे म्हणून सांगतोय. गेली एकोणीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर मी नुसता वळलो, तरी दुकानदार आधी पंखे बंद करतात. पंख्याच्या वाऱ्याने पारडं हलतं आणि गिऱ्हाइकाला पाच-दहा ग्रॅम कमी जातं, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात मी दुकानात शिरलो की आतले सगळे घामाघूम! एवढा माझा दरारा आहे. बाहेर. घरी नाही.

घरी बायको आहे आणि ती दंतवैद्य आहे. दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणायचं आणि उघडलं की बोलू द्यायचं नाही, ही तिच्या धंद्याची पद्धत. ती घरीही तीच चालवते. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिला एक उत्तम काटा भेट दिला होता. सपाट तबकाचा, उजळ आकड्यांचा, पाच ग्रॅमपर्यंत अचूक! त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो काटा अजून आमच्या ओट्याखाली आहे, आणि पुढे जो घोळ झाला त्यात त्याचा काडीचाही दोष नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आणि घरात आहे भिंगरी. आमची मुलगी, वय साडेचार. एका जागी उभी राहिलेली भिंगरी अजून कुणी पाहिलेली नाही, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे.

तर यंदा सुट्टीत परदेशी जायचं ठरलं. आठ दिवस, मी, बायको, भिंगरी आणि सासूबाई. विमानतळावरून हॉटेल, हॉटेलवरून समुद्र, समुद्रावरून प्राणिसंग्रहालय, सगळा प्रवास टॅक्सीने. बायको म्हणाली, "बाकी सगळं तू ठरव. मी चकार शब्द काढणार नाही. पण भिंगरीला तिची स्वतःची सीट असल्याशिवाय मी टॅक्सीत पाय ठेवणार नाही."

यावर मी काही विनोद केला नाही. का, ते सांगायलाच हवं.

गेल्या वर्षी आम्ही एका टॅक्सीतून चाललो होतो. भिंगरी माझ्या मांडीवर होती आणि माझ्या हातात होती तपासणीच्या वजनांची पेटी. सरकारी शिक्क्याची पितळी वजनं, एक जरी खाली पडून चेपलं तर पुन्हा प्रमाणित करून आणायला महिना जातो. म्हणून मी पेटी दोन्ही हातांनी धरली होती. पुढे एक सायकलवाला आडवा आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि भिंगरी मांडीवरून सुटून पुढच्या सीटवर आपटली. हनुवटीला तीन टाके पडले. पेटीला ओरखडासुद्धा आला नाही.

मला कुणी काही बोललं नाही. बायकोही नाही. पण त्या दिवसापासून गाडीत बसताना मी हात पुढे केले की भिंगरी म्हणते, "बाबाच्या मांडीवर नको." रागाने नाही म्हणत. दूध नको म्हणावं तसं साधेपणाने म्हणते. आणि ते ऐकून मला जे होतं, ते कुठल्याही काट्यावर मोजता येणार नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं, सीट घ्यायची तर अशी घ्यायची की त्यात एका ग्रॅमची चूक काढता येता कामा नये!

मुलांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानाच्या मालकीणबाई मोठ्या हसतमुख.

"किती वर्षांची आहे मुलगी?"

"वर्षांचं सोडा, किलोचं बोला!" मी म्हणालो.

त्यांनी तीन सीटा काढून समोर मांडल्या. "ही मोठी. नऊ ते अठरा किलोच्या मुलांसाठी. हिला स्वतःचे पट्टे आहेत. पण ही घरच्या गाडीला ठीक. प्रवासात नेलीत तर लोक तुम्हाला हमाल समजतील. ही दुसरी, फुगवायची. हवा काढली की हँडबॅगेत जाते. आणि ही तिसरी, घडीची. वहीसारखी मिटते. या दोन्हींवर मूल उंच बसतं आणि मग टॅक्सीचाच पट्टा त्याच्या खांद्यावरून नीट येतो, गळ्याशी येत नाही. या दोन्ही पंधरा ते छत्तीस किलोसाठी."

"आणि मूल पंधराचं नसेल तर?"

"तर मोठी घ्या."

"चौदा किलो नऊशे नव्याण्णव ग्रॅमचं असेल तर?"

बाई हसायच्या थांबल्या. "साधारण पंधरा असलं की..."

"साधारण?" मी ओळखपत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. "बाई, मी वजनमापे निरीक्षक आहे!"

त्यांनी ओळखपत्र वाचलं आणि मागे हात नेऊन हळूच पंखा बंद केला. दुकानात काटासुद्धा नव्हता हो! न पटलेली परत करायच्या बोलीवर मी फुगवायची आणि घडीची अशा दोन्ही सीटा घरी आणल्या.

संध्याकाळी काटा ओट्याखालून बाहेर काढला. भिंगरी त्याच्यावर उभी राहिली आणि लगेच गिरकी घ्यायला लागली. आकडे अकरा, एकोणीस, सात, बावीस! काट्याला घेरी यायची वेळ आली. पण एकोणीस वर्षांचा अनुभव काय उगाच असतो? मी न्हाणीघरातून तिचा निळा टब आणला. आधी रिकाम्या टबाचं वजन केलं, एक किलो आठशे पन्नास ग्रॅम, आणि कागदावर लिहिलं. मग टब काट्यावर ठेवला, बटण दाबून काटा शून्यावर आणला, भिंगरीला टबात बसवलं, हातात तिची बाहुली दिली, बाहुली काढून घेतली, ती रडायच्या आत आकडा टिपला, आणि नियमाप्रमाणे त्यातून टबाचं वजन वजा केलं. रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर आहे.

उत्तर आलं चौदा किलो आठशे पन्नास ग्रॅम.

"दीडशे ग्रॅम कमी!" मी ओरडलो.

बायको वर्तमानपत्र वाचत होती. "कशात?"

"भिंगरीत!"

तिने पान उलटलं. "असू दे. जेवायला बसा आता."

पण जायला अजून अठरा दिवस होते. अठरा दिवसांत दीडशे ग्रॅम म्हणजे दिवसाला साडेआठ ग्रॅमसुद्धा नाही! हे सहज होईल असं धरून मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. फुगवायची की घडीची? कागदावर बघून मी काही पास करत नाही. प्रत्यक्ष चाचणी! रविवारी दुपारी टॅक्सी बोलावली आणि भिंगरीला घेऊन मागे बसलो.

"कुठे जायचं?" ड्रायव्हर म्हणाला.

"कुठेच नाही."

"मग बसताय कशाला?"

"बसून बघायला!"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी फुगवायची सीट तोंडाने फुगवायला घेतली. फुंकून फुंकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण कमी पडायला नको म्हणून आणखी वीस फुंकरा मारल्या. भिंगरीला वर बसवलं, तर तिचं डोकं थेट छताला! ती मजेत टप्पे खायला लागली. जरा हवा कमी करावी म्हणून मी बूच किंचित सैल केलं, तर बूच माझ्या हातात आलं आणि गाडीभर आवाज घुमला, फुस्स्स्स्!

"पंक्चर!" म्हणून ड्रायव्हर बाहेर उडी मारून गेला. चारही चाकांना लाथा मारून झाल्या. एकही चाक बसलेलं नव्हतं. आवाज तर चालूच! तो रस्त्यावर पालथा पडून गाडीखाली बघायला लागला. आत भिंगरी हळूहळू खाली खाली चालली होती आणि "आणखी! आणखी!" म्हणून खिदळत होती. तो उठेपर्यंत ती सपाट झाली होती, म्हणजे सीट.

"आवाज कुठून येत होता?" त्याने गुडघे झटकत विचारलं.

"आमच्यातून," मी म्हणालो.

"साहेब," तो हात जोडून म्हणाला, "कुठेतरी जायचं असेल तेव्हाच बोलवत जा."

पण चाचणी यशस्वी झाली. फुगवायची नापास! घडीची सीट उघडली, टेकवली, पट्टा खांद्यावरून अगदी बेताचा आला. भिंगरी राणीसारखी ताठ बसली आणि तिने मला विचारलं, "ही माझी?" मी म्हणालो, "तुझीच. फक्त दीडशे ग्रॅम मोठी हो."

आता मोहीम सुरू झाली. सासूबाई आपली बॅग घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळी हकिकत ऐकली आणि पदर खोचला.

"दीडशेच ना? द्या माझ्या ताब्यात. आठवड्यात अर्धा किलो चढवते!"

"साखर नाही," बायको म्हणाली. "एक चमचासुद्धा नाही. तिचे दात बिघडलेले मला चालणार नाहीत."

"अगं, दात तिचे आहेत!"

"तिचे दात माझे आहेत!"

यापुढे कुणी वाद घातला नाही. म्हणजे उघडपणे घातला नाही. मी ऑफिसला जाताना भिंगरीला गुपचूप एक केळं देऊन जायचो. सासूबाई गुपचूप लोण्याचा गोळा द्यायच्या, वर आणखी एक केळं. दुपारी दवाखान्यातून बायको यायची आणि साखर नसलेलं म्हणून गुपचूप केळं द्यायची. तीन माणसांची तीन गुपितं एकाच पोटात! चौथ्या दिवशी त्या पोटाने व्हायचं तेच केलं. दोन दिवस भिंगरी भाताच्या पेजेवर होती. सहाव्या दिवशी टबात बसवली तर आकडा आला चौदा किलो सहाशे!

"दीडशेची तूट चारशेवर गेली!" मी खालीच बसलो.

"मूल आहे का गोणी आहे?" सासूबाई म्हणाल्या. वजन करताना त्या रोज शेजारी उभ्या राहून डोळे बारीक करून बघायच्या. मी कागदावर वजाबाकी करायला लागलो की काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या आणि परत मिटायच्या.

बायको वेगळ्याच गोंधळात होती. "अरे, तिचे दोन फ्रॉक आखूड झालेत. बूट लागतायत. काल तिला उचललं तर माझी कंबर धरली. आणि तू म्हणतोस ती हलकी झाली?"

"उंची वाढली की वजन पांगतं," मी म्हणालो.

"पांगतं म्हणजे?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण काटा खोटं बोलत नाही, एवढं माहीत होतं. मग मी दिवसातून तीनदा वजन करायला लागलो. सकाळी, जेवणाआधी आणि जेवणानंतर. भिंगरी आता मी दिसलो की आपणहून टबात जाऊन बसायची आणि विचारायची, "झाले पंधरा?" मी मान हलवायचो. तिचा चेहरा उतरायचा. वाटायचं, आग लागो त्या पंधराला! पण सीटच्या खोक्यावर लिहिलं होतं पंधरा. एकदा मी तिला निष्काळजीपणे बसवलं होतं. आता खोक्यावरचा नियम मोडून पुन्हा बसवायचं, एवढी छाती माझी नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी भिंगरी टबात बसली. या वेळी अजिबात हलेना, दगडासारखी स्थिर! आकडा टिपला. वजाबाकी केली. परत केली. पंधरा किलो दोनशे!

"झालं! झालं! पंधरा झाले!"

बायको तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली. सासूबाईंनी माझी पाठ थोपटली. मी आनंदाने भिंगरीला उचलून वर फेकली, झेलली, पुन्हा वर फेकली, आणि तिच्या फ्रॉकच्या खिशातून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. पितळी. गोल. त्यावर सरकारी शिक्का. दोनशे ग्रॅम.

मी दुसऱ्या खिशात हात घातला. आणखी एक दोनशे. मोज्यातून निघालं शंभर.

वजनात लबाडी! निरीक्षकाच्या घरात! निरीक्षकाच्याच वजनांनी!

"हे कुठून घेतलंस?" मी विचारलं.

"तुझ्या पेटीतून."

"का गं?"

"मला पंधरा व्हायचंय."

"पण इतकी काय घाई आहे?"

ती माझ्या गळ्यातून हात न काढता म्हणाली, "पंधरा झाले की माझी सीट मिळेल ना? मग मांडीवर नको बसायला."

मी आजवर तागडीच्या तळाशी चिकटवलेलं मेण पकडलंय, पोकळ वजनं पकडलीत, दांडीला बांधलेला दोरा पकडलाय. एकालाही दंड केल्याशिवाय सोडलेलं नाही. पण त्या दिवशी ती तीन वजनं हातात घेऊन मी नुसता उभा राहिलो. रागवायचं कुणावर तेच कळत नव्हतं. खरं वजन चौदा किलो सातशे. बायकोने तोंडातला ब्रश काढला आणि शांतपणे म्हणाली, "मोठी सीट घेऊन ये."

दुकानाच्या बाईंनी मला येताना पाहूनच पंखा बंद केला. "शेवटी हमाल व्हायचं ठरवलंत तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमानतळात शिरलो तो पाठीवर सीट बांधून. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांना पुढचं काहीही दिसत नव्हतं. घडीची सीट बायकोने तरीही आपल्या हातातल्या पिशवीत टाकली होती. "असू दे," एवढंच म्हणाली.

सामान द्यायची पाळी आली. मी मोठी सीट तिथल्या सरकत्या पट्ट्यावर ठेवली आणि पासपोर्ट काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात भिंगरी उडी मारून सीटमध्ये जाऊन बसली. काउंटरमागची मुलगी हसली. पट्ट्याच्या काट्यावर आकडा उमटला. तेवीस.

"सीट किती किलोची आहे?" बायकोने विचारलं.

"सहा. खोक्यावर छापलंय."

"तेवीसातून सहा गेले. सतरा."

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

"बूट आणि स्वेटर अर्धा किलो धरला तरी..."

"काटा बिघडलाय!" मी ओळखपत्र काढलं आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, "या काट्याची शेवटची तपासणी कधी झाली? प्रमाणपत्र दाखवा!"

ती बिचारी गोंधळली. तिने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेबांना वाटलं आमचं सामान जास्त झालंय. ते म्हणाले, "थोडं चालेल, घेऊन जा." मी म्हणालो, "जास्त नाही हो, कमी हवंय! सव्वादोन किलो कमी!" ते म्हणाले, "मग काहीतरी काढा." मी म्हणालो, "काय काढू? मुलगी आहे ती!" त्यांनी भिंगरीकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलीला सामानात का देताय?" मागच्या रांगेतून आवाज यायला लागले. मी बोटांनी वजाबाकी करून दाखवत होतो, साहेब बेरीज करत होते आणि भिंगरी पट्ट्यावरून सगळ्यांना हात हलवत होती.

तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? तुम्ही टब ठेवून काटा आधी शून्यावर आणायचात ना?"

"अर्थात!"

"म्हणजे टबाचं वजन तिथेच गेलं ना?"

"गेलंच की!"

"मग परत कागदावर वजा कशाला करायचात?"

माझं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. बायको तिथे होती, पण या वेळी तिला 'तोंड उघडा' म्हणावंच लागलं नाही.

एक किलो आठशे पन्नास. दोनदा. रोज तीन वेळा! म्हणजे भिंगरी पहिल्या दिवसापासून पावणेसतरा किलोची होती. म्हणजे ती केळी, तो लोण्याचा गोळा, ती पेज, तो उतरलेला चेहरा, ती चोरलेली वजनं, काही म्हणजे काही लागत नव्हतं!

"आई, तुम्ही हे रोज बघत होतात?" मी कसंबसं विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं," सासूबाई म्हणाल्या, "सरकारी पद्धत असेल."

विमानात मी तो कागद काढून एकेक वजाबाकी खोडत बसलो.

पोहोचलो तेव्हा दुपार होती. बाकी सगळं सामान आलं. मोठी सीट मात्र आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, ती भलत्याच देशात सुट्टीला गेली होती. बायकोने पिशवीतून घडीची सीट काढून माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला इतकं हायसं वाटलं की मी तिला तिथेच "तू देवमाणूस आहेस" असं म्हणालो. ती म्हणाली, "पट्टा नीट लाव."

बाहेर टॅक्सी उभी होती. चालवणारी एक पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची बाई. तिला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची. बायको पुढे बसली. मागे एका खिडकीशी सासूबाई, दुसऱ्या खिडकीशी भिंगरीची सीट, मध्ये मी. सीट उघडली. भिंगरीला बसवलं. पट्टा खांद्यावरून घेतला, मांडीवरून घेतला, खट्कन अडकवला, दोनदा ओढून पाहिला. एकोणीस वर्षांत कुठलंही काम मी इतक्या निगुतीने केलेलं नाही. बाईने गाडी सुरू केली.

टिंग टिंग टिंग टिंग!

बाईने गाडी बंद केली, मागे वळून हाताने काहीतरी खूण केली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"सीट चुकीची बसली," मी म्हणालो. भिंगरीला उठवलं. सीट काढली, फिरवून पाहिली, परत ठेवली, परत बसवलं, परत खट्!

टिंग टिंग टिंग टिंग!

बाईने पुन्हा खूण केली. आता दोन बोटांनी, थेट आमच्या दिशेने.

"वजन विचारत असेल," मी म्हणालो आणि दोन्ही हातांची बोटं एकदा दहा, मग सात अशी दाखवली. बाईने कपाळाला हात लावला. मला वाटलं तिला पटलं नाही, म्हणून मी परत दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "तिला सांगा, टब धरून नाही म्हणावं." बायको पुढून म्हणाली, "आई!"

तिसऱ्यांदा सीट काढली. आता मला घाम फुटला होता. म्हणजे सीटच चुकीची घेतली की काय मी? वजनही चुकलं, सीटही चुकली? मागे गाड्यांची रांग लागली होती आणि भोंगे वाजत होते. भिंगरीला परत बसवून, पट्टा लावून, मी तिच्याकडे पूर्ण वळलो आणि सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. हलूच द्यायची नाही!

टिंग टिंग टिंग टिंग!

बाईने फोन काढला, त्यात काहीतरी बोलली आणि तो आमच्यासमोर धरला. फोनमधून आमच्या भाषेत एक यांत्रिक आवाज आला, "कृपया बसलेल्या व्यक्तीला बांधा."

आम्ही तिघांनी भिंगरीकडे पाहिलं.

"बांधलंय की हो!" मी रडकुंडीला येऊन फोनला म्हणालो. "तीनदा बांधलंय!"

भिंगरी इतका वेळ सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. तिने सासूबाईंचा पट्टा पाहिला. पुढे वाकून आईचा पाहिला. आपल्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग माझ्या पोटाकडे बोट करून म्हणाली, "बाबा, तुझा पट्टा कुठाय?"

मी खाली पाहिलं.

मी माझा पट्टा लावला. आवाज थांबला. टॅक्सीवाल्या बाईने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि तिचे खांदे बराच वेळ हलत राहिले. मग तिने डोळे पुसले आणि गाडी हाकली.

थोडं पुढे गेल्यावर चौकात दिवा लाल झाला. बाईने ब्रेक दाबला. फार जोरात नाही, बेतानेच. पण तेवढ्यात शेजारून एक छोटासा हात आडवा येऊन माझ्या छातीवर टेकला.

"घाबरू नको, बाबा," भिंगरी म्हणाली. "मी धरलंय तुला."

मी त्या हातावर माझा हात ठेवला. तिने तो काढून घेतला नाही. दिवा हिरवा झाला, गाडी निघाली, तरी तिने काढला नाही. मी खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करत राहिलो.

"आई," ती पुढे ओरडून म्हणाली, "बाबाला पण एक सीट घेऊ या?"

"घेऊ की," बायको म्हणाली. "पण आधी त्याचं वजन करावं लागेल. आणि ते मी करणार!"

मी पोट आत घेतलं.